पंकोटच्या राजवाड्यातली पंगत: एका साहसपटाचे प्रकरण

‘इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम’ हा स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा चित्रपट 23 मे 1984 रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याची कथा जॉर्ज ल्युकास यांची होती, पटकथा विलर्ड हाइक आणि ग्लोरिया कॅट्झ या लेखक जोडप्याची होती, आणि कथानक 1935 सालच्या भारतात घडते. तरीही त्यातला एकही भारतीय डोंगर, गाव किंवा राजवाडा भारतातला नाही. निर्मात्यांना उत्तर भारतात आणि जयपूरजवळच्या आमेर किल्ल्यात चित्रीकरण करायचे होते. भारत सरकारने पटकथा वाचली, ती आक्षेपार्ह आणि वंशवादी ठरवली, अनेक बदल सुचवले आणि अंतिम संकलनावर अधिकार मागितला. निर्मात्यांनी हे मान्य केले नाही. एप्रिल 1983 मध्ये चित्रीकरण श्रीलंकेत कँडीच्या परिसरात सुरू झाले, मे महिन्यात चमू इंग्लंडमधल्या एल्स्ट्री स्टुडिओत गेला, आणि कथेतला पंकोटचा काल्पनिक राजवाडा रंगवलेल्या पडद्यांतून, लहान प्रतिकृतींतून आणि स्टुडिओतल्या नेपथ्यातून उभा राहिला.

जुन्या साहसपटांतील प्रतिनिधित्वाचा विषय निघाला की पडद्यावर कोणत्या वंशाचे किती चेहरे दिसले, याची मोजदाद सुरू होते. या प्रकरणात ती मोजदाद फारशी उपयोगी पडत नाही, कारण चेहऱ्यांच्या हिशेबात हा चित्रपट त्याच्या पूर्वसुरींच्या पुष्कळ पुढे होता. खलनायक मोलाराम साकारला होता अमरीश पुरी यांनी. राजवाड्याचा दिवाण चत्तर लाल होते रोशन सेठ, ज्यांनी दोनच वर्षांपूर्वी ‘गांधी’मध्ये जवाहरलाल नेहरूंची भूमिका केली होती. बालमहाराजाच्या भूमिकेत राज सिंग हा मुलगा होता, मात्र त्याचा आवाज एका अमेरिकन अभिनेत्रीने दिलेला आहे. गावकरी श्रीलंकेचे होते. ज्याच्यावरून हा चित्रपट उघडपणे प्रेरणा घेतो, त्या 1939 च्या ‘गंगादीन’मध्ये शीर्षकभूमिकेतला भिश्ती सॅम जॅफे या अमेरिकन नटाने आणि ठगांचा गुरू एदुआर्दो चिआनेल्ली या इटलीत जन्मलेल्या नटाने तोंडाला रंग फासून केला होता. पंचेचाळीस वर्षांत रंगाची डबी गेली आणि खरी माणसे आली, हा बदल खरा आहे आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. पण ज्या कागदावरून ती माणसे बोलली, तो कागद मात्र 1939 सालाच्या फार पुढे गेलेला नव्हता.

दोन जेवणे

या चित्रपटात जेवणाचे दोन प्रसंग आहेत. चित्रपटावर झालेल्या टीकेत दुसऱ्या प्रसंगाचा उल्लेख हमखास येतो, पहिल्याकडे मात्र कोणी फारसे पाहत नाही.

विमान कोसळल्यानंतर इंडियाना जोन्स, गायिका विली स्कॉट आणि शॉर्ट राउंड हा चिनी मुलगा एका उजाड गावात पोहोचतात. गावातले पवित्र शिवलिंग चोरीला गेले आहे, विहिरी आटल्या आहेत, शेते करपली आहेत, आणि मुलांना कोणीतरी पळवून नेले आहे. हाडे वर आलेले गावकरी पाहुण्यांपुढे पानावर अन्न वाढतात. विली ते खायला नकार देते. त्यावर जोन्स तिला सांगतो, की तुझ्यापुढे आहे तेवढे अन्न या लोकांना आठवडाभरातही मिळत नाही, आणि न खाणे हा त्यांचा अपमान ठरेल. हा प्रसंग दोन मिनिटांचाही नाही, पण त्यात यजमान आहे, पाहुणा आहे आणि घरात काही नसताना पाहुण्याला वाढण्याची रीत आहे. आपल्याकडच्या कोणत्याही दुष्काळी गावातल्या माणसाला तो ओळखीचा वाटेल. गावातल्या म्हाताऱ्या पुजाऱ्याचे काम डी. आर. नानायक्कारा या सिंहली अभिनेत्याने केले. त्यांना इंग्रजी येत नव्हते. स्पीलबर्ग कॅमेऱ्यामागून एकेक वाक्य म्हणत आणि ते त्याचा उच्चार ऐकून तसाच्या तसा म्हणत. म्हणजे भाषा उसनी होती, गावकरी आपापसांत बोलत होते तीही सिंहली होती, तरी चेहऱ्यावरचे दुःख कोणी शिकवलेले वाटत नाही.

दुसरे जेवण पंकोटच्या राजवाड्यात होते. बालमहाराजाच्या मेजवानीला दिवाण आहे, ब्रिटिश लष्कराचा कॅप्टन ब्लंबर्ट आहे आणि जडजवाहीर घातलेले काही धनिक आहेत. आधी एक भला मोठा साप आणला जातो. त्याचे पोट चिरल्यावर आतून जिवंत, वळवळणारी पिले बाहेर पडतात आणि शेजारचा पाहुणा ती उचलून तोंडात टाकतो. मग मोठाले भुंगे येतात. कासावीस झालेली विली साधे सूप मागते, तर त्यात डोळे तरंगत वर येतात. शेवटी गोड म्हणून माकडांच्या मुंडक्यांत घालून थंडगार मेंदू वाढला जातो आणि ती बेशुद्ध पडते. तो मेंदू म्हणजे कस्टर्ड आणि रास्पबेरीचा रस होता.

हे ताट ज्या देशात मांडले आहे, तिथल्या कित्येक घरांत अंडेसुद्धा वेगळ्या भांड्यात शिजते, आणि जिथे मांसाहार रोजचा आहे तिथेही साप आणि माकड यांची जागा देव्हाऱ्याजवळ आहे. नागपंचमीला आपण नागाला दूध देतो, शनिवारी मारुतीला तेल वाहतो. अशा घरांच्या मुलखातल्या महाराजाने पाहुण्यांना माकडाचा मेंदू वाढावा, ही केवळ माहितीतली चूक मानता येत नाही, कारण एवढी चूक व्हायला त्या मुलखातल्या कोणाही माणसाला एकदाही विचारलेले नसावे लागते. रोशन सेठ यांनी पुढे एक खुलासा केला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दिग्दर्शकाच्या मनात विनोद असा होता, की भारतीय लोक किडे खातात असे पाश्चात्त्यांना वाटते हे त्या चतुर भारतीयांना ठाऊक आहे, म्हणून ते मुद्दाम तेच वाढतात. तो विनोद अशा चित्रपटाला पेलण्याजोगा नव्हता, हेही त्यांनी मान्य केले. मला हा खुलासा प्रामाणिक वाटतो, पण चित्रपटात त्याचा मागमूस नाही. पाहुण्याची फजिती करायला वाढले असेल, तर वाढणाऱ्याच्या ओठाच्या कोपऱ्यात तरी हसू दिसायला हवे. इथे मेजावरचे सगळे भारतीय मिटक्या मारत खातात आणि एकजण ढेकरही देतो.

याहून गंभीर गोष्ट त्याच मेजावर, त्याच वेळी घडते आणि ती बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. जोन्स दिवाणाला ठगांबद्दल विचारतो. दिवाण चत्तर लाल ऑक्सफर्डला शिकलेला आहे. ब्रिटिश आपल्या साम्राज्याची फार चिंता करतात आणि त्यामुळे आम्हाला नीट सांभाळलेल्या लेकरांसारखे वाटते, असे तो तिरकसपणे बोलतो. पूर्ण चित्रपटात वसाहतवादावर एवढे नेमके बोट ठेवणारे दुसरे वाक्य नाही. पण ते ऐकताना प्रेक्षकाची नजर सापाच्या पिलांवर आहे. शिवाय थोड्याच वेळात कळते, की हा दिवाण स्वतः ठगांना सामील आहे. म्हणजे साम्राज्याविरुद्ध बोलणारा एकमेव सुशिक्षित भारतीय हाच नरबळी देणाऱ्यांचा साथीदार ठरतो. ‘गंगादीन’मध्येही ठगांचा गुरूच देशाभिमानाची भाषा बोलत होता.

काली, भवानी आणि माफीचे साक्षीदार

मोलाराम हा तळघरातल्या मंदिरात कालीच्या मूर्तीपुढे माणसाच्या छातीतून धडधडते हृदय हाताने काढतो. तो ‘काली मा, शक्ति दे’ म्हणतो, आणि हृदय हातात धरून ‘अब उसकी जान मेरी मुठ्ठी में है’ असे अमरीश पुरींच्या त्या खर्जातल्या आवाजात उच्चारतो. एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींतले ठग वाटसरूंचा गळा रुमालाने आवळून त्यांना लुटत आणि पुरत. हृदय उपटण्याचा विधी तिथे कुठेही नाही. तो मेक्सिकोतल्या अझ्टेकांशी जोडलेला आहे, आणि पटकथेने तो उचलून कालीच्या गाभाऱ्यात आणून ठेवला.

चित्रपटात शिव चांगला आणि काली दुष्ट अशी सरळ फाळणी आहे. झुलत्या पुलावरच्या शेवटच्या झटापटीत जोन्स मोलारामवर शिवाशी विश्वासघात केल्याचा आरोप करतो आणि त्याला कालीच्या भेटीला नरकात पाठवतो. शिव आणि शक्ती एकमेकांचे शत्रू आहेत, ही कल्पना आपल्याकडच्या एखाद्या गोंधळ्यापुढे मांडली तर तो संबळ खाली ठेवून बघत राहील. विल्यम स्लीमन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नोंदींत ठगांची देवी म्हणून भवानीचे नावही येते. जिचा जागर आपण घरोघरी घालतो, ती हीच. त्या नोंदी तयार झाल्या त्या मुख्यतः पकडलेल्या आणि माफीचे साक्षीदार झालेल्या लोकांच्या जबान्यांवरून, ज्यांचा जीव त्या जबान्यांवर अवलंबून होता. पकडलेल्यांत हिंदू होते तसे मुसलमानही होते. हा सुसंघटित धर्मपंथ होता की दुष्काळ, बेकारी आणि मोडलेल्या फौजा यांतून वाढलेली वाटमारी होती, यावर इतिहासकार आजही वाद घालतात.

या वादाला आपल्याकडे एक जिवंत टोक आहे, म्हणून त्यावर थोडे रेंगाळतो. ठगांविरुद्धच्या मोहिमेतून गुन्हेगारी रक्तातून येते, ही समजूत सरकारदरबारी पक्की झाली आणि 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला. त्याखाली कैकाडी, पारधी, भामटा अशा कित्येक जमातींवर जन्मतः शिक्का बसला. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत झाली. तिला लोक सेटलमेंट म्हणत, आणि तिथल्या माणसांना हजेरी द्यावी लागे. हा कायदा मागे घेऊन त्यांना मुक्त केले गेले ते 31 ऑगस्ट 1952 रोजी. चित्रपटाचे कथानक घडते त्या 1935 साली सोलापूरचे ते कुंपण उभेच होते. पडद्यावर त्या साली ठग माणसांना डांबून ठेवत होते, आणि प्रत्यक्षात ठगांच्या कहाण्यांतून उपजलेला कायदा माणसांना डांबून ठेवत होता. पटकथेत शेवटी बंदुका घेऊन सुटका करायला येते ती कॅप्टन ब्लंबर्टची पलटण, आणि तिचे नाव आहे अकरावी पूना रायफल्स. या काल्पनिक पलटणीला आपल्या पुण्याचे नाव मिळावे आणि तिच्या बंदुका साम्राज्याच्या बाजूने चालाव्यात, हे मराठी प्रेक्षकाला बोचल्याशिवाय राहत नाही.

जाण असलेले लेखक

या प्रकरणातला सर्वांत विचार करायला लावणारा भाग पटकथेच्या टेबलावर घडला. आधीचा इंडियाना जोन्स चित्रपट लिहिणारे लॉरेन्स कॅस्डन यांनी हे काम नाकारले, कारण त्यांना ती कथा क्रूर वाटली होती. त्यानंतर हाइक आणि कॅट्झ यांची निवड झाली ती त्यांना भारतीय संस्कृतीची जाण आहे या कारणाने. अज्ञानी माणसे नेमली म्हणून चूक झाली, असे म्हणून इथे सुटता येत नाही. जाण होती, आणि तिचा एक ठसा खलनायकाच्या नावातच दिसतो. मोलाराम हे गढवाल शैलीतल्या प्रसिद्ध चित्रकाराचे नाव आहे. डोंगरी दरबाराचा तो कवी-चित्रकार 1833 मध्ये वारला. ज्याने राधाकृष्ण आणि नायिका रंगवल्या, त्याचे नाव हृदय उपटणाऱ्याला मिळाले. लघुचित्रांतून, जुन्या साहसकथांतून आणि ब्रिटिश नोंदींतून कळणारा भारत सुंदर किंवा भयंकर असू शकतो, पण तो उलटून बोलत नाही. उलटून बोलणारा एकच भारत या निर्मात्यांच्या वाट्याला आला, तो म्हणजे सरकारी कार्यालयातून आलेले आक्षेपांचे पत्र.

सरकारच्या बाजूचीही मीमांसा करायला हवी. आक्षेप रास्त होते, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु अंतिम संकलनावर अधिकार मागणे हा कोणताही स्वतंत्र दिग्दर्शक मान्य करणार नाही असा मार्ग होता. त्या एका मागणीमुळे बाकीच्या सर्व सूचना एका झटक्यात बाजूला सारण्याची सोय झाली. श्रीलंका जवळ होती. तिथे परवानगी होती, हत्ती होते, दरी होती, आणि जवळच धरणाच्या कामावर असलेल्या ब्रिटिश अभियंत्यांनी झुलता पूलही बांधून दिला. पटकथेतले ताट मात्र जसेच्या तसे राहिले. भारतात चित्रपटावर काही काळ बंदी राहिली. त्या बंदीने पंकोटच्या मेजवानीतला एकही पदार्थ कमी झाला नाही. चित्रपटाने जगभरात 33 कोटी डॉलरांहून अधिक कमाई केली, दृश्यपरिणामांसाठी ऑस्कर मिळवला, आणि परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांना शाळेतल्या जेवणाच्या सुट्टीत माकडाच्या मेंदूवरून चिडवले जाण्याची सोय करून ठेवली. न्यू जर्सीत वाढलेल्या माझ्या मावसबहिणीने कित्येक महिने डब्यात पोळी नेणे बंद केले होते. ती ब्रेडला जॅम लावून नेत असे आणि घरी आल्यावर पोळी खात असे.

काय करता आले असते, याचे उत्तर त्याच चित्रपटात दडलेले आहे. शॉर्ट राउंड हा शांघायचा अनाथ पोर आहे. साइगॉनमध्ये 1971 साली जन्मलेल्या, निर्वासित म्हणून अमेरिकेत आलेल्या के हुई क्वान याने तो उभा केला. त्याची इंग्रजी मुद्दाम मोडकी ठेवली आहे, आणि त्यावर आक्षेप घेता येतो. पण त्याला स्वतःचे नाव आहे, तो पत्त्यांत चोरी पकडतो, नायकाशी भांडतो, आणि मंतरलेल्या जोन्सला मशालीचा चटका देऊन शुद्धीवर आणतो. बालमहाराजालाही तोच वाचवतो. दुसरीकडे खाणीत राबणाऱ्या शेकडो भारतीय मुलांपैकी एकाचेही नाव आपल्या लक्षात राहत नाही. साखळ्या तुटल्यावर ती धावत गावाकडे जातात आणि आयांच्या गळ्यात पडतात. त्यांतल्या एखाद्या मुलीने पहारेकऱ्याची किल्ली लांबवली असती, गावातल्या म्हाताऱ्या पुजाऱ्याने मोलारामला हा कालीचा धर्म नव्हे असे तोंडावर सुनावले असते, दिवाणाच्या जोडीला ठगांचा पत्ता लावणारा एखादा देशी हवालदार असता, तर साहसाची गती तसूभरही कमी झाली नसती. मोलाराम तेवढाच भयंकर राहिला असता, फक्त तो सगळ्या देशाच्या वतीने भयंकर ठरला नसता. एका आशियाई मुलाला माणूस म्हणून लिहिता येत होते, हे याच चित्रपटाने सिद्ध केले आहे. म्हणून काळच तसा होता, हे समर्थन मला अपुरे वाटते.

स्पीलबर्ग यांनी 1989 मध्ये हा चित्रपट आपल्याला आवडत नसल्याचे आणि तो फार काळोखा आणि भीषण झाल्याचे सांगितले. त्यात खंत होती ती भीषणतेची. भीषणतेवर तर अमेरिकेत लगेच उपायही झाला. या आणि त्याच उन्हाळ्यातल्या आणखी एका चित्रपटावरून पालकांनी तक्रारी केल्या आणि 1 जुलै 1984 पासून तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी सावधगिरीचा नवा दर्जा लागू झाला. अमेरिकन पालकांचे ऐकायला तिथे सहा आठवडेही लागले नाहीत.

अमरीश पुरी यांनी आत्मचरित्रात या भूमिकेची पाठराखण केली. त्यांच्या दृष्टीने ती एका जुन्या पंथावर रचलेली अद्भुतिका होती आणि आयुष्यात एकदाच मिळणारी संधी होती. त्यांचा निर्णय मी चुकीचा म्हणणार नाही. वर्षानुवर्षे कामगार राज्य विमा महामंडळात नोकरी करून, सत्यदेव दुबे यांच्या बरोबर रंगभूमीवर आणि ‘शांतता! कोर्ट चालू आहे’च्या मराठी चित्रपटात छोटी कामे करून वर आलेल्या नटाला जगातल्या सर्वांत मोठ्या दिग्दर्शकाने बोलावले, तर तो जाईलच. त्यांनी त्या भूमिकेसाठी डोके तासले आणि पुढे तोच अवतार त्यांची ओळख झाला. आणि आपल्या हिंदी साहसपटांतही अंगाला काळा रंग फासून, पिसे खोचून ‘झिंगालाला’ करत नाचणारे आदिवासी कित्येक वर्षे चालले, तेव्हा त्या पाड्यांवर जाऊन आपण कोणाला विचारले होते, हेही नमूद करायला हवे.

मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तो गिरगावातल्या आमच्या चाळीत, एका रात्रीसाठी भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर. मजल्यावरची सगळी मुले सतरंजीवर आणि मोठी माणसे भिंतीला टेकून बसली होती. शिंगांचा मुकुट घातलेले अमरीश पुरी पडद्यावर आले तेव्हा टाळ्या आणि शिट्ट्या पडल्या, कारण आपला माणूस तिकडे, जोन्स झालेल्या हॅरिसन फोर्डसमोर उभा होता. त्याआधी मेजवानीच्या वेळी मात्र खोली गप्प झाली होती, आणि कोणीतरी कॅसेट पुढे पळवा असे म्हणाले होते. कॅसेट संपल्यावर शेजारच्या काकूंनी उठता उठता माझ्या वडिलांना विचारले, ‘हे आपले अमरीश पुरी ना हो? मग त्यांनी त्या लोकांना सांगितलं कसं नाही, की आमच्याकडे असलं काही खात नाहीत म्हणून?’ वडील नुसते हसले आणि व्हीसीआरच्या वायरी गुंडाळू लागले. राजवाड्यातल्या त्या पंगतीच्या प्रसंगात पुरी नव्हतेच. तिथे रोशन सेठ होते, आणि त्यांच्या हाती जे वाक्य दिले होते ते त्यांनी चोख म्हटले.